ओक्रानचा आवाज

त्या शुक्रवारी सकाळी मी बाजारात लोकरीचे मोजे घ्यायला गेले होते, माझ्या धाकट्या बहिणीसाठी, ओक्रानसाठी. आमच्या चर्चच्या मंडळीतले वीस जण भाड्याच्या बसनं प्रार्थनेच्या डोंगरावर निघाले होते, रविवारपर्यंत. जानेवारीचा महिना, साल त्र्याऐंशी. कोरियात, जेचन गावी माझं शेवयांच्या रश्श्याचं छोटं दुकान होतं, ते तीन दिवस बंद ठेवलं. ओक्रानला यायचं नव्हतं. मीच तिला ओढून नेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भली बाई समजायला नको.

ओक्रानचा नवरा सौदीत रस्ते बांधायला गेला होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. ती माझ्याकडे राहायची, शिवणकाम करायची आणि दिवसेंदिवस मिटत चालली होती. प्रार्थना करायची, नाही असं नाही, पण ओठांतल्या ओठांत. आमच्याकडे तसं चालत नाही. पाळकांनी हात वर केला की सगळ्यांनी ‘हे प्रभू!’ अशी तीनदा हाक मारायची आणि मग ज्याची त्यानं, मोठ्यानं, सगळ्यांनी एकाच वेळी प्रार्थना करायची. शेजारचा काय म्हणतोय ते कुणाला ऐकू येत नाही आणि कुणी ऐकतही नाही. त्या कल्लोळात माझी बहीण मान खाली घालून गप्प बसायची आणि मला लाज वाटायची. माझा स्वतःचा आवाज खणखणीत होता ना. त्याचा मला भारी तोरा.

“अगं, तोंड उघड की जरा,” मी बसमध्ये तिला म्हटलं. “अशी कुजबुजलीस तर देवानं काय कान टवकारून बसायचं?”

“त्याला ऐकू येतं गं ताई.”

“मग चार महिने काय झोपलाय?”

मागच्या सीटवरची दोक्सूची आई फिसकन हसली. ओक्रान खिडकीबाहेर बघत राहिली. ते वाक्य अजून माझ्या घशात अडकून आहे.

डोंगरावर मोठ्या सभागृहामागे एकट्यानं प्रार्थना करायच्या दहा खोल्यांची रांग होती. खोल्या कसल्या, माणूस जेमतेम आडवा होईल एवढे कोनाडे. मागच्या बाजूला कोळशाच्या गोल, भोकाभोकांच्या विटा पेटवायच्या, की त्यांची धग जमिनीखालून फिरून बसायची जागा ऊन व्हायची. नियम एकच. चपला-बूट दाराबाहेर काढायचे, आतून कडी लावायची, आणि एकदा का दाराशी पायताण दिसलं की कुणी दार ठोठावायचं नाही, हाक मारायची नाही. आतलं माणूस आपण होऊन बाहेर येईल तेव्हा येईल.

शनिवारी उपवास होता, नुसतं पाणी. दुपारी एकच्या सुमारास ओक्रानला सात नंबरची खोली मिळाली, मला आठ. वारा बोचत होता आणि तिच्या दाराखाली बोटभर फट होती.

“आत कसला तरी वास येतोय ताई,” ती म्हणाली.

“कोळशाचा येणार, अत्तराचा येणार का? बस आत. थंडी भरेल.”

ती आत गेली, कडी लावली. मी माझी शाल घडी करून बाहेरून त्या फटीत नीट ठासून बसवली. चांगल्या हेतूनं. मग माझ्या खोलीत शिरले.

अर्धा तास झाला असेल. माझंच रडगाणं देवापुढे चाललं होतं आणि भिंतीपलीकडून आवाज आला. आधी मला कळेच ना कोण ते. भरदार, मोकळा, थेट पोटातून आलेला. मग एका शब्दावर तो जरा घोगरा झाला, ओक्रानचा व्हायचा तसा, आणि माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा काटा. माझी बहीण मोठ्यानं प्रार्थना करत होती! मी भिंतीला कपाळ टेकवून ढसाढसा रडले आणि माझी प्रार्थना अर्धीच टाकून सगळ्यांना सांगायला बाहेर पळाले.

तासाभरात सात नंबरसमोर चटया पसरून बारा जण बसले होते. आमचे पाळक, ताक त्यांचं आडनाव, स्वतः आले, डोळे मिटून मांडी घालून बसले. आवाज आता आमच्यासाठी प्रार्थना करत होता, एकेकाचं नाव घेऊन. दोक्सूच्या आईच्या गुडघ्यांसाठी, पाळकांच्या म्हाताऱ्या आईसाठी, माझ्या दुकानासाठी. प्रत्येक नावावर आम्ही ‘आमेन’ म्हणत होतो. धुकं खाली उतरलं होतं, झाडं दिसेनाशी झाली होती, आणि त्या पांढऱ्या शांततेत तेवढा एक आवाज.

तीनच्या आसपास तिथले राखणदार प्यो काका लोखंडी चिमट्यात कोळशाची नवी वीट धरून आले.

“बराच वेळ झाला,” ते हळूच म्हणाले. “या सातच्या खालची जमीन तडकलीय, मागच्या आठवड्यात मी सांगितलं होतं. बाईंना एकदा बाहेर...”

“श्श!” पाळक म्हणाले. “कृपा उतरलीय. कुणी हात लावायचा नाही.”

“पण साहेब...”

“अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला?” मी म्हटलं. “माझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय. जा तुम्ही.”

ते गेले. जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं. एवढ्या वेळात तिनं नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ज्याच्यासाठी ती झुरत होती त्याचं! मग दुसरी गोष्ट जाणवली. मी कान देऊन ऐकलं. शब्दामागून शब्द, वाक्यामागून वाक्य... मध्ये कुठेच श्वास नव्हता. बोलणारं माणूस कुठेतरी थांबतं, आवंढा गिळतं. हा आवाज थांबतच नव्हता.

“पाळकसाहेब,” मी कुजबुजले. “ती... ती श्वास घेत नाहीये...”

“पवित्र आत्मा बोलतोय, बाई. डोळे मिटा.”

तेवढ्यात आतून अगदी मायेनं आलं, “प्रभू, इथं बसलेल्यांना असंच बसू दे. यांतल्या कुणालाही उठवू नकोस.”

“आमेन,” सगळे म्हणाले. सवयीनं मीही म्हटलं.

मी उठायला गेले तर पाय उचलेनात. थंडीनं बधिर झाले असतील, उपवासानं शक्ती गेली असेल, पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मला एवढंच माहीत आहे की दार माझ्यापासून चार हातांवर होतं आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. “ओक्रान!” मी हाक मारली. नियम मोडून मारली. आवाज तसाच चालू राहिला. “ओक्रान, दार उघड गं... ताई हाक मारतेय...” दोन बायकांनी माझे खांदे धरून मला खाली बसवलं आणि माझ्यासाठी प्रार्थना करायला लागल्या.

साडेचारला प्यो काका परत आले. या वेळी कुणालाही न विचारता त्यांनी चिमट्याचं टोक दाराच्या फटीत घातलं आणि जोर लावला. कडी निघाली, दार उघडलं, आणि आवाज एका शब्दाच्या मध्येच तुटला.

ओक्रान दाराशी कुशीवर पडली होती. गाल लालबुंद, जत्रेतून आलेल्या पोरीसारखे. ओठ घट्ट मिटलेले. एक हात दाराखालच्या फटीशी होता आणि मुठीत माझ्या शालीचं टोक होतं. बाहेरून मी ती इतकी नीट ठासली होती की तिला टीचभरच आत ओढता आली होती.

कुणीतरी धावत जाऊन मुळ्याच्या किमचीचं, खारवलेल्या लोणच्याचं, आंबट पाणी आणलं. कोळशाचा वायू चढला की तेच पाजतात. ते तिच्या हनुवटीवरून खाली ओघळलं. दोक्सूची आई लग्नाआधी इस्पितळात नर्स होती. तिनं ओक्रानची मान चाचपली, जबडा चाचपला, आणि माझ्याकडे न बघता बोलली.

“जबडा ताठरायला लागलाय... जाऊन दोन तास तर नक्की झालेत.”

आम्ही सगळ्यांनी तो आवाज आत्ता, या क्षणापर्यंत ऐकला होता. पण मी हिशेब दुसराच करत होते. दोन तास. म्हणजे त्याआधी ती जिवंत होती. आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती होती, मी आनंदानं रडत होते तेव्हा होती, कदाचित दाराशी सरपटत येत होती. आतून काहीच ऐकू आलं नसतं ना, तर मी अर्ध्या तासात नियम खुंटीला टांगून ते दार उघडलं असतं. मला माझी खात्री आहे. त्या आवाजानं मला बाहेर बसवून ठेवलं.

ताक पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बिचाऱ्यांना एकच गोष्ट येत होती, तीच त्यांनी केली. हात वर केला.

“हे प्रभू! हे प्रभू! हे प्रभू!”

आणि सगळे एकदम सुरू झाले. रडत, छाती पिटत, आपापल्या शब्दांत. त्यात मला तोच आवाज ऐकू आला. भरदार, मोकळा, न थांबणारा. मी ओक्रानकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच. मग मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत सुटले. हा पाळकांचा, हा दोक्सूच्या आईचा, हा प्यो काकांचा... प्रत्येक तोंडाला त्याचा त्याचा आवाज होता. तो एकच कुणाच्या तोंडाचा नव्हता, आणि कुणालाच तो वेगळा ऐकू येत नव्हता.

“थांबा!” मी किंचाळले. “गप्प बसा सगळे! तो इथंच आहे... ऐका ना... थांबा!” जमिनीवर हात आपटले, घसा फुटेस्तोवर ओरडले.

दोक्सूच्या आईनं डोळे मिटूनच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “आमेन.”