अलूफ माणूस आणि सोन्याचा नारळ

"काका, नारळ कुठं दडवलास ते सांग! नाय तर आज बोटीत पाय ठेवू देनार नाय!"

कल्पेश ओरडत होता. त्याचा चुलता बुधाजी देवळाच्या पायरीवर बसलेला. पनवेलच्या कोळीवाड्यात नारळी पुनव, आणि खाडीला वाहायचा सोन्यानं मढवलेला नारळ पेटीतून गायब. तो वाहायचा मान यंदाही बुधाजीचा. बायको गेल्यापासून म्हातारा कुणाकडं जात नव्हता. याच एका दिवसासाठी त्यानं नवा सदरा शिवला होता.

मंडळानं बोलावलेला गुप्तहेर धर्मराज पेटीवर वाकला. मागे त्याचा दोस्त जगन. कुलूप शाबूत, किल्लीनं उघडलेलं. आत साधा नारळ. हळदकुंकू लावलेला, शेंडी देवीकडं.

"किल्ली कुठं असते?"

"एरवी खुंटीवर," नारळ मढवणारा सराफ मितेश म्हणाला. "काल पंगतीत सगळ्यांसमोर मीच सांगून ती तांदळाच्या डब्यात ठेवायला लावली."

"बुधाजी होते पंगतीत?"

"छे! ते येतात कुठं? अलूफ माणूस."

"अलूफ म्हणजे?" जगननं विचारलं.

"घमेंडी!" कल्पेश फटकन बोलला.

धर्मराज बुधाजीकडं वळला. "काल कुठं होतात?"

"घरी. एकलाच. साक्ष कोन देनार?"

"यांचा मान गेला तर कुणाला?"

"घरान्यात मीच उरतो," कल्पेश म्हणाला.

सगळे धक्क्यावर आले. बोटी सजलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी हार आणि नारळ. कल्पेशच्या बोटीला हारच चार. नारळ नव्हता.

"नारळ येतोय," कल्पेश म्हणाला.

धर्मराज तिथंच थांबला.

"कल्पेश, अलूफ म्हणजे घमेंडी नाय. लांब राहणारा. परदेशी खलाशांचा शब्द आहे. वारा बोट खडकावर ढकलायला लागला की हुकूम सुटायचा, तोंड वाऱ्याकडं धरा, किनाऱ्यापासून लांब राहा. लांब राहायचं ते फुटू नये म्हणून. नंतर माणसांनाही तसंच म्हणायला लागले."

"त्याचा इथं काय संबंध?" जगन वैतागला.

"अरे, अख्खा वाडा म्हणतो म्हातारा लांब राहतो. मग किल्लीची नवी जागा त्याला कळली कशी? चोर पंगतीत होता."

"मीही होतो," मितेश चाचरला.

"तुम्ही पेटी रिकामी सोडली असती, शेठ. देवीसमोरची जागा रिकामी ठेवायला कोळ्याचा हात धजत नाय. चोरी करतानाही या कल्पेशनं आपल्या बोटीसाठी आणलेला नारळ तिथं ठेवला. हळदकुंकू लावून!"

कल्पेशची नजर त्याच्या बोटीतल्या जाळ्यांकडं गेली. जगननं जाळी उचलली. खाली सोनं चमकलं.

"दर वेळी काकाच का?" कल्पेश पुटपुटला.

बुधाजीनं नारळ खाडीत सोडला. वाजंत्री पुढं गेली, माणसं मागोमाग. त्याच्याकडं कुणी वळून बघितलं नाही. माफी तर लांबच.

तो धर्मराजजवळ आला. "घरी चल ना. च्या ठेवतो. दोन कप हायत माझ्याकडं."

धर्मराजनं चपला घातल्या.

"नको काका. मला निघायला हवं आता."