एकतिसावा सदरा

पहिला

तळेकोंडात बुजगावण्याला डोकं कुणी लावत नाही. मडकं नको, चुन्याचे डोळे नकोत. बांधावर एक काठी रोवायची, तिच्यावर सोनू गोताडचा न धुतलेला सदरा अडकवायचा, की झालं. रानडुकरांचा कळप येतो, नाकं वर करतो आणि जीव घेऊन पळतो. ज्यांनी सोनूला जन्मात पाहिलं नाही, ती पिल्लंसुद्धा पळतात.

सोनू वारला त्याला दोन वर्षं झाली.

त्याच्याही आधी

पूर्वी डुकरं उभं भात नांगरल्यासारखं उलथून जायची. सोनूकडे परवान्याची बंदूक होती. तो वर्षाला शंभरेक मारायचा, पुढच्या वर्षी तेवढीच पुन्हा हजर. मग प्राण्यांच्या वासावर संशोधन करणाऱ्या डॉ. रेवती खोत आल्या. त्यांनी सोनूच्या काडतुसांत एक भुकटी भरली. बार उडाला की ती कळपाच्या नाकात जायची आणि त्या घटकेला नाकात जो वास असेल, तो भीतीसकट मेंदूत कोरला जायचा. कोरला जायचा तो असा, की पुढची पिल्लं ती भीती अंगात घेऊनच जन्मायची. बाई ह्याला ‘भयवारसा’ म्हणत.

वास एकाच माणसाचा हवा, म्हणून सोनूचा साबण तीन महिने बंद झाला. येसूने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याचं अंथरूण उचलून पडवीत टाकलं.

“डुकरं पळतील तेव्हा पळतील,” ती म्हणाली, “मी आधी पळेन.”

एकोणीस डुकरं मारावी लागली. त्यातल्या एका मादीमागे पिल्लं होती. त्या दिवशी येसू जेवली नाही. पिल्लांच्या देखत आईला मारलंस, एवढंच तिने संध्याकाळी ऐकवलं. पण विसावी गोळी कधी झाडावी लागली नाही.

दुसरा ते तिसावा

पावसात वास धुऊन जातो. एक सदरा फार तर एक हंगाम टिकतो. सोनू गेल्यावर त्याचे राहिलेले मळके सदरे एकेक करून वाडीच्या शेतांवर गेले. माणसाच्या अंगाला शेकडो वास असतात, कातडीवरच्या जंतूंचे, खाल्ल्याप्यायल्याचे. ते जुळवून तसाच वास तयार करणं बाईंच्या प्रयोगशाळेला जमलं नव्हतं.

एकतिसावा

हा शेवटचा, येसूच्या ट्रंकेत होता. अख्ख्या वाडीला ते ठाऊक होतं.

भाताच्या लोंबीत दूध भरलं आणि डुकरं परत आली. माणसं येसूच्या ओटीवर येऊन बसली. पावसाचं बोलली, गुडघेदुखीचं बोलली. सदऱ्याचं कुणीच काढलं नाही. शेवटी रेवतीबाईंनीच सांगितलं, की दुसरा रस्ता म्हणजे नवा माणूस, नवा वास, आणि पुन्हा एकोणीस डुकरं. काकी, सक्ती नाही, असंही त्या म्हणाल्या.

येसू आत गेली. बराच वेळ आली नाही, तशा बाई मागोमाग गेल्या. येसू उघड्या ट्रंकेपाशी सदरा तोंडाला लावून बसली होती.

“येतच नाही गो काही,” ती हळूच म्हणाली. “गेल्या शिमग्यापासून येत नाही. कुणाला सांगितलं नाही.”

“काकी, तुमच्या नाकाला नाही येणार. डुकराच्या नाकाला अजून येईल.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग चल. मला बघायचंय.”

बांधावर

उजाडताना दोघी आंब्याआड बसल्या. एक मादी आली, मागे सात पट्टेरी पिल्लं. सदऱ्यापासून वीसेक पावलांवर मादी थबकली. सर्वांत लहान पिल्लू मात्र चार पावलं पुढे आलं, नाक उचललं आणि जागच्या जागी थरथरायला लागलं. मग सगळी उधळली.

येसूने बाईंचा हात घट्ट धरला. “ओळखलं गो त्याने.”

जरा वेळाने तिने विचारलं, किती पिढ्या ओळखतील?

बाई म्हणाल्या, प्रयोगशाळेतल्या उंदरांत चौदा तरी. त्यापुढचं मोजलेलं नाही.

“आम्ही म्हाळाला तीनच पिढ्यांची नावं घेतो,” येसू म्हणाली. ती हसत होती. बाईंना ते हसू बघवलं नाही.

त्यानंतर

भात वाचलं. डुकरं फिरकेनाशी झाली. वाडी खूश. येसू मात्र रोज पहाटे आंब्याआड जाऊन बसायची आणि रिकाम्या बांधाकडे बघून परत यायची.

पितरांच्या पंधरवड्यात सोनूचा म्हाळ आला. तिने पान वाढलं. कावळ्याचा घास छपरावर ठेवला. मग दुसरं पान घेतलं, त्यावर उकडलेली रताळी रचली, नुसती रताळी, आणि ते नेऊन सदऱ्याखाली ठेवलं.

रताळ्यांचा वास रानात पोचायला वेळ लागला नाही. मादी आली. पिल्लं आली. भुकेने पुढे यायची, भीतीने मागे व्हायची. ते लहान पिल्लू पानापासून हातभर अंतरावर येऊन लटलट कापत उभं राहिलं. त्याला खाताही येईना, पळताही येईना.

येसू आंब्याआडून बघत होती. नातवाला निजवताना काढावा तसा आवाज काढून ती म्हणाली,

“घाबर रे बाळा, घाबर. तेवढाच उरलाय तो.”