खालच्या मळ्याचा भयांक

सकाळचं दूध घालून झालं की खालच्या मळ्यातल्या बायका हल्ली लगेच घरी वळत नसत. रिकाम्या किटल्या पायाशी ठेवून त्या डेअरीच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसत आणि सहजीवन मंडळाच्या गाडीतून आलेले काळे चष्मे डोळ्यांवर चढवत. चष्म्याच्या आत एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे अशा येरझाऱ्या घालायचा. मान न हलवता, नुसत्या बुबुळांनी त्याचा पाठलाग करायचा आणि तेवढ्या वेळात आपल्यावर गुदरलेला वाघाचा सगळ्यात वाईट प्रसंग आठवायचा. मधूनच एखादीच्या गालावर पाणी ओघळे. उठताना मात्र ती हलकी होऊन उठे आणि शेजारणीच्या पाठीत गुद्दा घालून हसे.

हर्षदा कुटेला ते हसू बघवत नसे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिच्या तीन वर्षांच्या विहानला बिबट्यानं अंगणातून उचलून उसात नेलं होतं. मळ्यात बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि वाघांच्या शेजारी माणसांनी कसं राहावं हे शिकवायला हे मंडळ नेमलेलं होतं. मंडळाच्या माणसांनी येऊन हळहळ व्यक्त केली, कुटेंच्या बांधावर एक पिंजरा ठेवला, त्यात शेळी बांधली. वाघ काही त्यात गेला नाही. मग आली ही गाडी. दूध मापून घेताना हर्षदा मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "वाघ धरता येईना, म्हणून आमची भीती धरायला आलेत." गाडीतल्या समुपदेशक बाईंना ते ऐकू जायचं, आणि त्यांना ते ऐकू जातंय याचंच तिला बरं वाटायचं.

वाघ मानेला धरतो, म्हणून या ऊसपट्ट्यातली माणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालू लागली होती. पाहुण्यारावळ्यांना ते बघून कसंतरी व्हायचं. इथं ते चपला घालण्याइतकं साधं झालं होतं. पण हर्षदानं सात वर्षांच्या सईला तो घरातही घालायला लावला. जेवताना, अभ्यास करताना, अगदी झोपतानासुद्धा. पोरीची मान सोलवटून निघाली. शाळा बंद झाली, अंगण बंद झालं. बाहेर नुसतं पान सळसळलं तरी हर्षदा हातातलं टाकून तिला आत ओढायची आणि दाराला कडी घालायची. सई कधी रडली नाही. आई ओढेल तिकडे जायची आणि कडी लागली की सागरगोटे घेऊन बसायची.

हर्षदाच्या नवऱ्यानं, निलेशनं, बरेच महिने तोंड मिटून घेतलं होतं. मग एक दिवस त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"तू ते डोळ्यांचं करून घे," तो म्हणाला. "नाहीतर येत्या सोमवारी मी सईला नारायणगावला ताईकडे ठेवून येतो. तू तिला सांभाळत नाहीयेस. कोंडून ठेवतीयेस."

हर्षदा त्याला वाट्टेल ते बोलली. त्याच्या बहिणीला बोलली, मंडळाला बोलली, त्या गाडीला आग लागो म्हणाली. पण तो बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या दिवशी दूध घालून ती तरातरा गाडीकडे गेली आणि दार वाजवलं.

समुपदेशक ईशा रणपिसे नाशिकच्या. कुणी कितीही वेडंवाकडं बोललं तरी आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव हर्षदाला सगळ्यात जास्त खुपायचा. तिला दारात बघून त्यांचा हात कडीवरच थबकला. मग तिला आत घेऊन त्यांनी समजावून सांगितलं. जुनी आठवण मनात वर काढली की थोडा वेळ ती मऊ होते, मळून ठेवलेल्या पिठासारखी. तेवढ्यात डोळ्यांना पळवलं तर मेंदूला दोन्हीकडे पुरेसं लक्ष देता येत नाही. आठवण परत जागेवर बसते, पण पूर्वीच्या जोरानं नाही. प्रसंग राहतो, चटका जातो. पूर्वी हे काम समोर बसून, बोटं हलवून करत. आता चष्मा बुबुळांवर पाळत ठेवतो. आठवणीतला दुखरा भाग आला की डोळे ठिपक्यामागे अडखळतात. चष्मा ते अडखळणं मोजतो आणि शून्य ते दहामधला एक आकडा देतो. या आकड्याला मंडळ भयांक म्हणतं.

हर्षदा फसवायचं ठरवूनच बसली होती. ठिपक्यामागे डोळे फिरवायचे आणि मनात मटकीला मोड आलेत का, याचा विचार करायचा. निलेशला सांगायला मोकळी. डोळे छान सरसर फिरत होते. ईशाबाईंनी ठिपका थांबवला.

"ताई, तुमचे डोळे कुठेच अडखळत नाहीयेत. तुम्ही त्या संध्याकाळपाशी गेलाच नाहीत."

"कुठं जायचं ते तुम्ही मला शिकवणार?" हर्षदा कडाडली, आणि त्या रागाच्या भरात ती संध्याकाळ तिच्यासमोर आली.

ती कुट्टीच्या मशीनमध्ये वैरण सारत होती. विहान अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होता. वारा नव्हता, तरी बांधाकडचा ऊस हलला. रोज त्या वेळेला निलेश पाणी धरून उसातल्या वाटेनं घरी यायचा आणि पानं अशीच हलायची. तिनं मान वर न करता हाक मारली होती, "आलात का?" ऊस हलायचा थांबला. ती परत वैरण सारू लागली. मशीनच्या आवाजात तिला पुढचं काही ऐकू आलं नाही.

हे तिनं निलेशलाही सांगितलं नव्हतं. आपण वाघाला हाक मारली, हा सल पोटात घेऊन ती मंडळाला शिव्या घालत हिंडत होती. त्या शिव्या खऱ्या कुणासाठी होत्या, ते तिला तिथं कळलं. यंत्राच्या पडद्यावर दहाचा आकडा उमटला. ईशाबाईंनी धीराचे दोन शब्दसुद्धा बोलायचं टाळलं. त्यांनी ठिपका परत सुरू केला आणि तिला त्या हाकेपाशी पुन्हा पुन्हा नेलं.

आणि खोटं कशाला सांगा, गुण आला. काही बैठकांत भयांक एकवर उतरला. विहानचं तोंड इतके दिवस तिला त्या एकाच संध्याकाळचं दिसायचं. ते आता दूधभात खातानाचं, रुसल्यावरचंही दिसू लागलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी ती घरी जाऊन पोटभर रडली आणि मग गाढ झोपली. निलेशला तिनं हाकेचं सांगितलं. तो तिच्याजवळ सरकून बसला. सईच्या गळ्यातला पट्टा निघाला, मानेला खोबरेल तेल लागलं, शाळा सुरू झाली. नारायणगावचा विषय बंद झाला.

मग एके दिवशी बांधावर मंडळाचा टेम्पो आला आणि माणसं पिंजरा उचलू लागली.

हर्षदानं विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या एकानं दोर आवळता आवळता सांगितलं. पिंजरे थोडे आणि गावं भाराभर. वस्तीत एकाचाही भयांक मोजायचा राहिला असेल किंवा आठच्या वर असेल तोवर पिंजरा हलवायचा नाही, असा नियम आहे. खाली आला की पिंजरा पुढच्या गावाला.

"तुमचाच आकडा तेवढा राहिला होता, वहिनी," तो म्हणाला. "आता सगळा मळा बरा झाला."

त्याच सकाळी अंगण झाडताना हर्षदाला मातीत पंजाचे ठसे दिसले होते. न्हाणीपासून निघून सई झोपते त्या खिडकीखालपर्यंत गेलेले. तिनं ते पाहिले, ओळखले आणि खराट्यानं झाडून टाकले. मग चहा ठेवला. आपण काय केलं हे तिला आत्ता, त्या रिकाम्या होत चाललेल्या बांधाकडे बघताना उमगलं. तरी पोटात गोळा आला नाही. तो का येत नाही, याचीच तिला काळजी वाटू लागली.

ती थेट गाडीत जाऊन उभी राहिली.

"वाघ काल रात्री माझ्या पोरीच्या खिडकीखाली येऊन गेला. मी ठसे झाडले आणि चहा टाकला. याला बरं होणं म्हणतात का, मॅडम?"

ईशाबाईंचा चेहरा उतरला. चटका जातो पण सावधपणा राहतो, बहुतेकांचा राहतोच, असं काहीतरी त्या सांगू लागल्या. तुमचा सगळा सावधपणाच त्या एका संध्याकाळमधून आला होता, तो त्या चटक्याबरोबर गेला असेल, म्हणाल्या.

"आणि पिंजऱ्याचा नियम? तो ठाऊक होता तुम्हाला?"

"होता." त्यांनी मान वर केली. "म्हणूनच मी तुम्हाला कधी आपण होऊन बोलावलं नाही. तुमच्या एका न मोजलेल्या आकड्यावर इथला पिंजरा टिकला होता. पण तुम्ही स्वतः दार वाजवलंत. तुम्ही झोपला नव्हतात कित्येक महिने. तुम्हाला परत कसं पाठवायचं?"

म्हणजे तिनं एकटीनं जागून अख्ख्या मळ्याची राखण करायची, असं या बाईनं ठरवलं होतं. ओट्यावर हसणाऱ्या त्या सगळ्याजणी तिच्या जिवावर हसत होत्या. पूर्वीची हर्षदा असती तर तिनं ती गाडी डोक्यावर घेतली असती. आत्ता तिला हे सगळं लख्ख समजत होतं, दातओठ खावेत असं वाटायला हवं हेही समजत होतं, आणि आतून काही उसळत नव्हतं.

"परत बसवा ते," ती म्हणाली. "माझं मला परत द्या."

"ते उलटं चालत नाही, ताई."

हर्षदा घरी आली. तिन्हीसांजेला ती उंबऱ्यावर बसली. सई बांधापाशी एकटीच खेळत होती. पोरीला आता आत घ्यायला हवं, असं हर्षदानं मनाशी म्हटलं. एखादं गणित सोडवावं तसं, एकेक पायरी मांडून म्हटलं. अंगात मात्र कसलीच घाई नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आत सईच तिच्याकडे चालत आली.

"आई, अंधार पडला. तू मला आत ओढलं नाहीस."

"राहिलं गं," हर्षदा म्हणाली.

सई तिच्या शेजारी बसली, पण तिचं तोंड उसाकडे होतं. तिचे डोळे उसाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते, परत येत होते. या वयाच्या पोरीनं असं बघू नये, एवढं हर्षदाला कळलं. तिनं तिला जवळ ओढलं तर सईचं अंग ताठ लागलं.

"आधी तू घाबरायचीस ना," सई हळूच म्हणाली, "म्हणून मी घाबरत नव्हते. आता मी घाबरायचं का?"