सहा पेन्सचा मधला थांबा

पहिली चार अक्षरं : बँक

घानातल्या सरोवराकाठच्या क्पांडोच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचं टेबल एसिनामचं. समोर आकूआजी बसली होती; अंगावरच्या कापडाला धुरावलेल्या माशांचा वास. नातू सेन्यो जोहान्सबर्गला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. आज चारच्या आत पैसे पोचले नाहीत, तर खाट दुसऱ्याला.

"दोन दिवस लागतात," मॅनेजर ओफोसू म्हणाले. "आजी, ही काय तुमची होडी आहे, वल्हं मारलं की पुढे?"

"माझी होडी निदान पोचते तरी, साहेब!"

एसिनामने तिथल्या बँकेची, बँक-देश-गाव-शाखा सांगणारी अकरा अक्षरी खूण दोनदा ताडून पाहिली. एक अक्षर चुकलं की पैसे भलत्याच दारी. साडेतीनला तिने पैसे पाठवण्याचा संदेश सोडला.

पुढची दोन : देश

तीन बावन्नला जोहान्सबर्गच्या रुग्णालयातून फोन.

"पैसे मिळाले. खाट सेन्योचीच."

आजीने अशी आरोळी ठोकली की रांगेतली माणसं टाळ्या पिटू लागली. ओफोसूंनी स्वतःच्या खिशातून बिनदारूच्या थंड माल्टच्या बाटल्या मागवल्या.

"बावीस मिनिटं! एसिनाम, काय जादू केलीस गं?"

"मी कुठे काय केलं?"

पुढची दोन : गाव

पैसे कुठून कसे गेले, ते तिने पडद्यावर पाहिलं. आक्रा. शेवटी जोहान्सबर्ग. मध्ये एक थांबा, कुठल्याच यादीत नसलेला : आग्बेमे.

"आग्बेमे कुठं आलं, आजी?"

आजीने बाटली खाली ठेवली. खिडकीतून सरोवराकडे बोट केलं.

"तिथं. खाली. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी सात वर्षांची. बाबा तिथल्या बँकेत कारकून. हातातलं काम उरकून येतो, म्हणाले. आलेच नाहीत." ती हसली. "आजचं काम त्यांनी कधी उद्यावर टाकलं नाही."

थांब्याने शुल्क लावलं होतं : सहा पेन्स. पेन्स तर घानाच्या चलनातून धरण झालं त्या सालीच गेले.

आजीने कमरेची गाठ सोडली. सहा पेन्सचं काळपट नाणं टेबलावर ठेवलं.

"त्यांच्या हक्काचं आहे."

शेवटची तीन : शाखा

एसिनामने नाणं खणात टाकलं. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

सकाळी खण उघडला.

नाणं नव्हतं.

पावती होती. सहा पेन्स पोचले. आग्बेमे शाखा. तारीख आजची.

शिक्क्याची शाई अजून ओली होती.