विरोधात कुणीच नाही

बेटावरच्या व्हाकोआ गावात पाऊस कुणाला विचारून येत नाही. बसमधून उतरून बाजारासमोरच्या कापडाच्या दुकानाच्या पडवीत शिरेपर्यंत कामिनीची वेणी ओलीचिंब झाली. तिथंच उभं राहून तिनं वर्तमानपत्र उघडलं, आणि पहिल्याच पानावर तिची नजर थिजली.

"उलटा ना पान..." मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. उंच, सावळा तरुण. हातात रेनकोट, आणि ओठांवर पकडल्या गेलेल्या माणसाचं हसू.

"दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचायची सवय आहे तुम्हाला?"

"सवय नाही, मिस. पेपर संपले होते, आणि खांदा... मोकळा दिसला."

एरवी ती हसली असती. पण पानावर शार्पव्हिल होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या गावात, काळ्यांना सतत परवाना, म्हणजे पास, बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. एकोणसत्तर मेले होते. कितीतरी जणांना गोळी पाठीत लागली होती.

"पळत होते ते," ती हळूच म्हणाली. त्याचंही हसू मावळलं.

त्याचं नाव चंद्रमोहन. बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावचा, दोन महिन्यांपूर्वीच लंडनहून बॅरिस्टर होऊन परतलेला. ती शाळेत शिकवायची आणि शनिवारी बेटावरच्या मराठी मंडळाच्या खोलीत बायकांना मराठी. पाऊस काही थांबेना, म्हणून बोलणंही थांबलं नाही.

"हे सुरक्षा परिषदेपुढे जाईल?" तिनं विचारलं.

"जाईल, आणि पडेल. अकरा देशांची परिषद. त्यातल्या पाचांकडे नकाराधिकार. बाकी दहा हात वर गेले, तरी पाचांतल्या एकानं नको म्हटलं की संपलं. ब्रिटन म्हणेल, हा त्यांच्या घरातला मामला."

"घरात कुणी बायकोपोरांना मारत असेल, तर शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायचं?"

"मी नाही लावणार. पण मला परिषदेत कोण बसवतंय!"

"आणि नको न म्हणता गप्प बसलं तर?"

"तटस्थ राहिलं तर ठराव अडत नाही..." तो बोलता बोलता थांबला. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं होतं.

"मग तेवढंच मागू या. आपण ब्रिटनच्या वसाहतीतले लोक. आपलं राज्य चालवणाऱ्यांना आपण सांगू – बाजूनं हात वर करा. तेवढं धैर्य नसेल, तर निदान विरोधात करू नका."

"मिस, लंडनला तार पाठवून जग बदलत नाही."

"माहीत आहे. मसुदा कधी देता?"

रविवारी दुपारी मंडळाची सभा भरली. फेब्रुवारीतल्या वादळानं सभागृहाचं छप्पर उडवलं होतं. वर ताडपत्री बांधलेली, खाली साठेक माणसं. चंद्रमोहननं मसुदा वाचला. अध्यक्ष तुलसीरामकाका अस्वस्थ झाले.

"आपल्यात निम्मे सरकारी नोकर. उद्या साहेबानं जाब विचारला तर? आणि आफ्रिका कुठं, आपण कुठं!"

माना डोलल्या. पहिल्या रांगेत कामिनीचे बा, सीताराम, मान खाली घालून बसले होते. सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी. आदल्या संध्याकाळीच ते म्हणाले होते, "पोरी, मला यात ओढू नको."

कामिनी उभी राहिली.

"काका, एखाद्याच्या पाठीत गोळी लागते, तेव्हा तो कुणावर चालून गेलेला नसतो. तो घराकडं पळत असतो. असं मारणं जर फक्त त्यांच्या घरातला मामला असेल, तर उद्या आपल्याला मारलं की तोही साहेबाच्या घरातलाच मामला. मग आपण कुणाला हाक मारायची?"

ताडपत्रीवर पाऊस वाजत राहिला. मग एक हात वर गेला. सीतारामांचा. बाहीवर शाईचे डाग असलेला.

"माझं नाव सगळ्यांत वर लिहा, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पूर्ण लिहा."

त्यानंतर हात मोजावेच लागले नाहीत.

सोमवारी तार गेली. मंगळवारी चंद्रमोहन व्हाकोआत काही काम नसताना दिसला. बुधवारीही.

"तुमची कोर्टं पोर्ट लुईसला ना?" कामिनीनं विचारलं.

"हो. पण पक्षकार इकडं आहेत."

"किती?"

"सध्या... एकच."

ती लालबुंद होऊन बसमध्ये चढली, तीही उलट्या दिशेच्या.

शनिवारी सकाळी वर्गात बायका पाढ्यासारखी क्रियापदं म्हणत होत्या. दार धाडकन उघडलं. चंद्रमोहन! धावून धाप लागलेली, टाय मानेमागं गेलेला.

"रेडिओवर सांगितलं! ठराव मंजूर! बाजूनं नऊ – विरोधात कुणीच नाही!"

"ब्रिटन?"

"तटस्थ. फ्रान्सही. व्हेटो कुणीच वापरला नाही!"

"आयो!" वर्गातल्या विद्यावतीमावशी ओरडल्या आणि अख्खा वर्ग टाळ्या पिटू लागला. कामिनीच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं.

"ते एकोणसत्तर परत यायचे नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत. आणि आपली तार कुणी वाचली की नाही, तेही कळणार नाही. पण हा घरातला मामला नाही, हे आता जगानं लिहून ठेवलंय. मी हरलो, कामिनी. हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता." त्यानं टाय सरळ केला, मग पुन्हा वाकडा. "आता... माझाही एक प्रस्ताव आहे. त्यावर नकाराधिकार कुणाला?"

वर्गातल्या बायका पुढं झुकल्या.

"मला," ती म्हणाली. "एकटीला."

"मग... वापरणार?"

"नाही."

त्यानं श्वास सोडला. "म्हणजे तटस्थ?"

"तटस्थ राहायला मी काय सरकार आहे?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "मी बाजूनं आहे, चंद्रमोहन. पहिल्या दिवसापासून."

विद्यावतीमावशींनी वर्ग स्वतःच सोडून दिला. ती दोघं व्हाकोआच्या भर रस्त्यानं, लोक बघत असताना, हातात हात घालून बांना सांगायला निघाली. रिमझिम पडत होती, पण आडोसा कुणीच शोधला नाही.