चौथ्या गाडीचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, घडली ती अशीच.

गावाचं नाव सांगणार नाही. पोलंडमधल्या लेश्नो शहरापासून तासाभरावर आहे, एवढं पुरे. यातली दोन माणसं अजून तिथेच राहतात. एकाच छपराखाली.

२००३ सालचा सप्टेंबर. रविवार. दुपारचे तीन.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. लख्ख ऊन होतं आणि चार हजार माणसं बघत होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

गेरार्ड हे माझे सख्खे काका. तरुणपणी ते आमच्या गावच्या संघातून स्पीडवे खेळायचे. ब्रेक नसलेल्या मोटारसायकली, जळक्या कोळशाच्या काळ्या खंगराचा गोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या. आमच्याकडे रविवारी माणसं आधी चर्चमध्ये जायची आणि मग ट्रॅकवर. दुसऱ्या ठिकाणी जास्त भक्तिभावाने.

काका चांगले खेळायचे. पण त्यांचा जोडीदार होता झेनॉन.

आणि झेनॉन झेनॉन होता.

उंच, हसरा. वळणावर गाडी अशी आडवी टाकायचा की बायका डोळे मिटून घ्यायच्या आणि बोटांच्या फटीतून बघायच्या. त्याच्यासाठी शाळा लवकर सुटायची. त्याची वाग्दत्त वधू होती बोग्ना, बेकरीवाल्याची मुलगी.

काकांचंही बोग्नावर प्रेम होतं. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९७६ साली, एका शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणावर झेनॉन कुंपणावर आदळला. जागच्या जागी गेला. वय सव्वीस. काका त्याच्या अगदी शेजारी होते. "घसरला. मी काहीच करू शकलो नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

दोन वर्षांनी बोग्नाने काकांशी लग्न केलं.

लोकांना वाटलं, गेरार्ड जिंकला.

पण मेलेल्या माणसाला कसं हरवायचं? तो म्हातारा होत नाही, त्याचं पोट सुटत नाही, तो घोरत नाही. खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी कोणी ना कोणी विचारायचं, "तुम्ही झेनॉनचे जोडीदार ना? कसा होता हो तो?" एकालाही विचारावंसं वाटलं नाही की गेरार्ड, तू कसा होतास. दर एक नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, काकू त्याच्या थडग्यावर दिवा लावायला जायची. काका दफनभूमीच्या फाटकाबाहेर सिगरेटी ओढत उभे राहायचे. सत्तावीस वर्षं ते आतल्या आत जळत राहिले.

त्या रविवारी जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. जुन्या गाड्या तेलपाणी करून आणल्या होत्या. सॉसेज भाजले जात होते, पायांखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं करकरत होती. तीन म्हातारे चार फेऱ्या मारणार होते. काका, फेलिक्स आणि व्हिटोल्ड.

"हळू चालव हं गेरार्ड," फेलिक्स ओरडला. "तुझं पोट आधी पोचेल, मग तू!"

"तू तुझे दात सांभाळ. मागच्या वेळी कुठल्या वळणावर पडले होते?"

सगळे हसले. काकाही हसले.

मग भोंग्यावरून घोषणा झाली.

"चौथी जागा रिकामी राहील. ती आपल्या झेनॉनची!"

चार हजार माणसं उभी राहिली. टोप्या उतरल्या. काकांनी वर बघितलं. तिसऱ्या रांगेत काकू उभी होती. तिने रुमाल डोळ्यांना लावला होता.

"माझ्यासाठी तिने आयुष्यात कधी रुमाल काढला नाही," काका मला नंतर म्हणाले.

त्यांनी दात आवळले. आज जिंकायचंच. तिच्या डोळ्यांसमोर.

सुरुवातीच्या फिती वर उडाल्या आणि तिघे सुटले.

काका पहिल्याच वळणावर पुढे आले. फेलिक्स आणि व्हिटोल्ड बरेच मागे पडले. पुढे मोकळा ट्रॅक होता.

पहिली फेरी नीट झाली.

दुसऱ्या फेरीत त्यांच्या लक्षात आलं...

आवाज जास्त होता.

स्वतःचं इंजिन मांडीखाली थरथरत होतं. मागच्या दोन गाड्यांचा आवाज मागेच होता. आणि आणखी एक आवाज होता. त्यांच्या पुढे. बाहेरच्या बाजूला.

त्यांनी मान वळवून पाहिलं.

कोणी नव्हतं.

मग वास आला. जळत्या एरंडेल तेलाचा, गोडसर, दाट. त्या काळी गाड्यांत तेच तेल असायचं. पण त्या दिवशी तिघांच्याही गाड्यांत दुसरंच तेल होतं. काकांनी स्वतः भरलं होतं.

तिसरी फेरी.

आणि मग... छातीवर काहीतरी ताडकन आपटलं.

खंगर.

पुढच्या गाडीचं मागचं चाक उडवतं, तसा मूठभर काळा खंगर. पुन्हा. पुन्हा. चष्म्यावर, हनुवटीवर, छातीवर.

पण पुढे गाडीच नव्हती!

कोणीही थांबलं असतं. काका थांबले नाहीत. ते मला म्हणाले, "भीती नाही वाटली रे. राग आला. मेला, तरी हा माझ्या पुढेच."

त्यांनी गॅसची मूठ पिळली.

चौथी फेरी. तिसरं वळण.

तिथे पुढचा आवाज अचानक मंद झाला. कोणीतरी मूठ सैल सोडावी तसा. आणि तो हळूच बाहेर सरकला, कुंपणाकडे. आतली वाट मोकळी झाली.

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण १९७६ साली अगदी असंच झालं होतं.

त्या दिवशी झेनॉन पुढे होता. त्याने मागे वळून काकांकडे पाहिलं होतं, मान हलवली होती, आणि मुद्दाम बाहेर सरकून आतली वाट सोडली होती. जोडीदाराने पहिलं यावं म्हणून. लोकांनी एकदा तरी गेरार्डचं नाव घ्यावं म्हणून.

काका आत घुसले होते. आणि गाडी हातभर बाहेर, झेनॉनच्या अंगावर, जाऊ दिली होती.

जाणूनबुजून. फक्त हातभर.

आज काकांनी डावा पाय जमिनीत रोवला. बुटाखालची लोखंडी पट्टी किंचाळली. हात खांद्यातून निखळतील असं वाटलं, पण त्यांनी गाडी बोटभरही बाहेर जाऊ दिली नाही.

बाहेरचा आवाज त्यांच्या शेजारून नीट, सुखरूप वळण पार करून गेला.

काका पहिले आले.

गर्दी ओरडत होती. भोंग्यावरून त्यांचं नाव घेत होते. फेलिक्स धापा टाकत जवळ आला आणि थबकला.

"काय रे, पहिला आलास ना?"

"हो. का?"

"मग छाती काळी कशी? कोणाच्या मागे होतास?"

काकांनी खाली पाहिलं. गळ्यापासून पोटापर्यंत सगळं काळं झालं होतं.

त्यांनी वर पाहिलं. काकू टाळ्या वाजवत होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा असा उजळला होता. काकांनी हात उंचावला.

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

तिची नजर बाहेरच्या कडेला होती. कुंपणाच्या बाजूने ती सावकाश सरकत गेली... रिकाम्या ट्रॅकवरून... फाटकापर्यंत.

घरी जाताना गाडी काकाच चालवत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं.

"कोणासाठी वाजवत होतीस टाळ्या?"

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याने तुला वाट सोडली. किती सहज सोडली!"

काकांनी गाडी रस्त्याकडेला घेतली.

"गेरार्ड," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशीही सोडली होती ना?"

काकांनी सगळं सांगितलं. हातभराचंही. ती रडली नाही. ओरडली नाही. दार उघडून उतरली आणि उरलेले चार किलोमीटर चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी काका झेनॉनच्या थोरल्या बहिणीच्या दारात गेले आणि तिलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. गावात मग कोणी काकांशी धड बोललं नाही. फेलिक्ससुद्धा नाही.

काकू सोडून गेली नाही. का, ते तिलाच ठाऊक. सूप करते, कपडे धुते, जेवायला हाक मारते. त्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही.

ट्रॅक पुढे चार वर्षांनी मोडला. आता तिथे फर्निचरचं गोदाम आहे.

पण दर रविवारी दुपारी तीनला काकू स्वयंपाकघराची खिडकी उघडते. थंडी असो, बर्फ असो. कट्ट्यावर हात टेकून उभी राहते. थोड्या वेळाने तिच्या ओठांवर हसू येतं. तरुण मुलीचं असावं तसं.

काका मागे खुर्चीत बसलेले असतात. कान टवकारून.

"काय ऐकतेस?" ते विचारतात. ती खिडकी आणखी थोडी उघडते.

"मला काहीच ऐकू येत नाही रे," काका एकदा मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "त्या दिवसानंतर एकदाही नाही. फक्त तिलाच."

एवढं होऊनही त्यांच्या आवाजात पश्चात्तापापेक्षा हेवा जास्त होता.

गेल्या महिन्यात मी रविवारचा त्यांच्याकडे होतो. तीन वाजले. काकूने खिडकी उघडली.

बाहेर रस्ता सुनसान होता. लांबवरचं गोदामही रविवारचं बंद होतं.

आणि मग... लांबून, एका वळणावर चढत, एका वळणावर उतरत...

काका माझ्याकडे बघत होते. "तुला येतं का रे काही ऐकू?"

"नाही काका," मी म्हणालो.

आणि तो आवाज लांब जाईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.