मार्सेलची मोकळी जागा

क्लेमेंट त्या दुपारी तेलाची बाटली घेऊन निघाला, तो काही मार्सेलवरच्या प्रेमापोटी नाही. मार्सेलच्या बायकोने, मटिल्डाने, निरोप धाडला होता की त्याच्या ट्रम्पेटचे खटके अडकलेत, जरा येऊन बघ. शिवणयंत्राला घालतात तसलं पातळ तेल त्याने खिशात टाकलं, सायकल काढली आणि नंदाखाल गावातल्या केळीच्या सावलीसावलीने मार्सेलच्या घराची वाट धरली. अठ्ठ्याहत्तर साल होतं आणि ऑक्टोबरचं ऊन अंगाला चावत होतं. रस्त्यात दोघंतिघं भेटले, पण कुणी हात वर केला नाही. क्लेमेंटनेही केला नाही. मार्सेलच्या दफनाच्या दिवसापासून गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि गाव गेलं खड्ड्यात असं त्याने स्वतःला रोज सकाळी बजावायचा परिपाठ ठेवला होता.

आता हे भांडण काय ते सांगायला हवं. मार्सेल ट्रम्पेट वाजवायचा आणि क्लेमेंट सॅक्सोफोन. तरुणपणी दोघंही मुंबईत फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायला होते. तिथे एका दुपारी, मागच्या खोलीत घामाने भिजत, क्लेमेंटने एका चालीच्या मधोमध एकट्याने वाजवायचा एक तुकडा बांधला. असा तुकडा माणसाला आयुष्यात एकदाच सुचतो. मार्सेल शेजारीच बसला होता. त्याने तो ऐकला, उचलला आणि त्याच संध्याकाळी क्लेमेंटच्या आधी उभा राहून ट्रम्पेटवर वाजवून टाकला. साहेब लोकांनी टेबलं बडवली. पुढे त्याची तबकडी निघाली, तिच्यावर मार्सेलचं नाव आलं, आणि जो तो त्याला ‘मार्सेलचा तुकडा’ म्हणू लागला. क्लेमेंट गप्प बसला. तेव्हा मार्सेल बँडचा पुढारी होता आणि क्लेमेंटला नोकरी टिकवायची होती. दगडाखाली हात सापडलेला माणूस बोलणार तरी काय? मग हॉटेलवाल्यांनी बँड काढून टाकले आणि टेपा लावल्या. सगळे वाजवणारे वसईला परतले आणि लग्नांत, मयतांत वाजवू लागले. तिथेही तेच चाललं. नवरदेवाचा बाप यायचा आणि म्हणायचा, “मार्सेलचा तुकडा होऊ द्या.”

मार्सेल अंथरुणाला खिळला तेव्हा क्लेमेंट त्याच्याकडे गेला होता. “एकदा चारचौघांत सांग, तुकडा माझा म्हणून. मग सुखाने जा,” असं तो म्हणाला. मार्सेल हसला. “बघू रे, घाई काय हाय,” म्हणाला, आणि दोन दिवसांनी गेला.

तिथल्या बँडवाल्यांचा एक रिवाज होता. वाजवणारा गेला की कबरीपाशी त्याची आवडती चाल वाजवायची, आणि जिथे तो एकटा वाजवायचा तिथे सगळ्यांनी वाद्यं खाली घ्यायची. फक्त ढोलावर रुमाल टाकून ठोके द्यायचे. ती मयताची मोकळी जागा. तिथे तो शेवटचं वाजवतो आणि आपला श्वास घेऊन जातो, असं जुने लोक म्हणायचे. ती जागा आजवर कुणी भरली नव्हती. मार्सेलच्या कबरीपाशी क्लेमेंटने ती भरली. सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली, ढोलवाल्या ॲन्सेल्मने ढोलावर रुमाल टाकला, आणि क्लेमेंटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही माझा तुकडा याच्याच नावाने सोडायचा? त्याने सॅक्स ओठाला लावला आणि तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. फादर हातातलं पवित्र पाणी शिंपडायचे थांबले. मटिल्डा डोक्यावरचा पदर धरून नुसती बघत राहिली.

तर आता तिच्याच घरी तो तेल घेऊन आला होता. मागच्या बावखलाच्या तळ्यात शेवाळ साचलं होतं आणि त्याचा वास ओटीपर्यंत येत होता. वीज गेलेली होती, त्यामुळे विहिरीवरचा पंपही गप्प होता. ट्रम्पेट आतल्या खोलीत क्रूसाखाली खिळ्याला लटकत होता.

“कोणी हात लावला याला?” क्लेमेंटने विचारलं.

“नाय. पुरून आलो त्या दिवशी मीच तिथे टांगला.”

क्लेमेंटने खटके काढले, पुसले, तेल घातलं, दाबून बघितले. काम झालं होतं. ट्रम्पेटच्या नळीच्या वळणावर एक छोटी किल्ली असते. वाजवणाऱ्याच्या श्वासाची वाफ आत पाणी होऊन साचते आणि किल्ली दाबली की गळते. सवयीने त्याने ती दाबली.

पाणी त्याच्या पायावर पडलं. चांगलं चमचाभर होतं, आणि ते कोमट होतं. पाठोपाठ लवंगेचा वास आला. मार्सेल वाजवण्याआधी नेहमी दाढेखाली लवंग धरायचा.

“तू भरलंस पाणी?” तो ओरडलाच.

मटिल्डा जमिनीवर बसली. तिचा आवाज खाली गेला. “रोज वाजतो, क्लेमेंट. दिवेलागणीला. केळीतून ऐकू येतं का या खिळ्यावरून, तेच समजत नाय. ती चाल वाजवत येतो, त्या जागेपर्यंत येतो... आणि थांबतो. दारात येऊन कुणी उभं राहावं तसा. आत येत नाय, जात पण नाय... त्याची जागा तू भरलीस ना...”

“माझा तुकडा होता तो!”

“मला ठाऊक हाय.”

क्लेमेंटला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “काय ठाऊक हाय?”

“तुझाच हाय म्हणून. तो घरी बोलला होता. लग्न झालं त्याच वर्षी.”

सांगा, एखाद्याने काय करावं? इतकी वर्षं ही बाई चर्चच्या दारात त्याला बघून हसली होती, नाताळला कुस्वारच्या गोडाची ताटली पाठवत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं! क्लेमेंटने ट्रम्पेट पलंगावर फेकला.

“मग सांग गावाला! आज सांग!”

“गेलेल्या माणसाला चोर कशी म्हणू रे?” ती म्हणाली. “मी हात जोडते. रविवारी हॉलमध्ये तुम्ही सगळे वाजवणार हाय. तेव्हा ती जागा मोकळी सोड. एकदाच सोड, म्हणजे तो जाईल.”

क्लेमेंट हसला, पण ते हसू नव्हे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. जिवंतपणी हा मार्सेल कुणाचं कौतुक करायचा नाही, उधार घेतलेली सायकल परत द्यायचा नाही, आणि आता त्याच्यासाठी सगळ्यांनी श्वास धरून बसायचं! “थांबू दे त्याला दारात,” क्लेमेंट म्हणाला. “मी तीस वर्षं थांबलो.” सायकलवर टांग टाकताना त्याला आतून किल्ली दाबल्याचा बारीक आवाज आला. मटिल्डा तर त्याच्यासमोर ओटीवर उभी होती. त्याने मागे वळून बघितलं नाही.

रविवारचं प्रकरण असं होतं. मटिल्डाची मुलगी रोझलिन मुंबईत नोकरीला होती आणि तिच्या ओळखीचे कुणी गृहस्थ रेडिओवर होते. वसईच्या जुन्या जॅझवाल्यांची टेप दिली तर ती लावू, नावंही सांगू, असं ते म्हणाले होते. क्लेमेंटला एवढंच हवं होतं. आपल्या तुकड्यावर आपलं नाव, तेही असं की कुणाला पुसता येऊ नये.

दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये सगळे जमले; सॅक्स वाजवणारा दुसरा कुणी नव्हता म्हणून क्लेमेंटलाही बोलावलं होतं. म्हाताऱ्यांनी हॉटेलातले काळे कोट घातले होते, बटणं लागत नव्हती आणि डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. रोझलिनने ऑफिसातून आणलेलं टेपचं मशीन टेबलावर ठेवलं. क्लेमेंट माईकपुढे गेला आणि स्वच्छ म्हणाला, “यातला मधला तुकडा मार्सेलचा नाही. मी बांधलाय, क्लेमेंटने.” मटिल्डाने मान खाली घातली.

चाल सुरू झाली. ती जागा आली तसे सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली आणि ॲन्सेल्मने ढोलावर रुमाल टाकला. टाका, क्लेमेंट मनात म्हणाला, टाका आणि ऐका. त्याने डोळे मिटले आणि तो वाजवू लागला. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं. सगळी चीड, सगळी गिळलेली वर्षं त्या नळीतून बाहेर पडत होती. मधेच लवंगेचा वास आला, मानेला गार वाटलं, पण तो थांबला नाही. शेवटचा स्वर त्याने श्वास संपेपर्यंत ओढला.

डोळे उघडले तर माणसं रडत होती.

मटिल्डाने येऊन त्याचे दोन्ही हात धरले. “तुझाच होता रे... तुझाच होता आणि तरी...” ॲन्सेल्मने पाठीवर थाप मारली. ज्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं ते रांगेने हात मिळवायला आले. क्लेमेंटची छाती भरून आली. अखेर कबूल केलंत ना, त्याला वाटलं. रागाची गाठ पहिल्यांदाच जरा सैल झाली.

“अंकल, ऐकूया?” रोझलिन म्हणाली आणि तिने टेप मागे फिरवली.

त्याचा आवाज आला, तुकडा आपला असल्याचं सांगणारा. मग चाल आली. मग ती जागा आली... आणि तिथे नुसते ठोके होते. रुमालाखालचे, मऊ, एकामागून एक. बाकी काही नाही. ती जागा तशीच सरली आणि पुढची चाल सुरू झाली.

“मशीन बिघडलंय,” क्लेमेंट म्हणाला.

“नाही अंकल. ढोल येतोय ना... बाहेरच्या आंब्यावरचा कावळापण येतोय.”

“मग माझं वाजवणं कुठे गेलं?”

ॲन्सेल्म हळूच म्हणाला, “क्लेमेंट... तू वाजवलंस कुठे? सॅक्स ओठाला लावून उभा राहिलास, डोळे मिटून. बोटं नुसती चालत होती. आम्ही समजलो, तू मार्सेलला जागा दिलीस. तुझी असून दिलीस. एवढं मोठं मन...”

“मी नाही दिली!” क्लेमेंट किंचाळला. “मी कुणाला काही दिलं नाही! लाव ते मशीन. लाव परत!”

रोझलिनने घाबरत टेप करायचं बटण दाबलं. क्लेमेंटने पाय रोवले, सॅक्स ओठाला लावला आणि तुकडा वाजवला. त्याला ऐकू येत होतं. प्रत्येक स्वर, भिंतीवर आपटून परत येणारा, स्पष्ट. नळी हातात थरथरत होती. गालांच्या शिरा ताणल्या होत्या. वाजवता वाजवता त्याने समोर बघितलं. मटिल्डा मान किंचित वाकडी करून, समजुतीने, वाट बघत होती. सगळेच वाट बघत होते.

“वाजव ना आता,” ती म्हणाली. “आम्ही ऐकतोय.”

त्याने आणखी जोराने फुंकलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. मशीनच्या काचेखाली आवाजाबरोबर हलणारा एक बारीक काटा होता. तो आडवा पडून राहिला होता.

क्लेमेंटने सॅक्स खाली घेतला. धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. ॲन्सेल्मचे हात मांडीवर होते.

“अंकल...” रोझलिन मशीनकडे बघत पुटपुटली. “हे बघा...”

काटा उठला होता. वर जात होता, थबकत होता, घसरून पुन्हा चढत होता. क्लेमेंटच्या बोटांना ती चढउतार पाठ होती. पहिल्या स्वराला दम, दुसऱ्यावर उडी, मग लांब उतार. हॉलमध्ये कुणी काहीही वाजवत नव्हतं, फक्त लवंगेचा वास पसरत होता.

रोझलिनने बटण बंद केलं. मग भिंतीतली पिनही काढली. काटा तुकडा संपेपर्यंत हलत राहिला, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या स्वरापासून सुरू झाला.